शाळेचं वर्षभराचं फंडरेझिंग : ज्या मुलाकडे द्यायला काही नाही, प्लॅन त्याच्यापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेने या वर्षी एका सामाजिक संस्थेसाठी वर्षभर निधी जमवायचं ठरवलंय, जबाबदारी तुमच्यावर आलीये, मुख्याध्यापकांनी टार्गेटचा आकडा दिलाय, पालक कमिटी म्हणतेय दर महिन्याला एक इव्हेंट करू आणि सगळ्यात जास्त पैसे आणणाऱ्या वर्गाला बक्षीस देऊ. आणि तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करायची आणि हे आपल्याला झेपेल का.

झेपेल. मी शिक्षिका आहे, गेली १७ वर्षं शिकवण्याबरोबर हे कामही बघतेय, आणि पहिल्या वर्षी माझ्याही हातात असंच बारा इव्हेंटचं कॅलेंडर होतं. त्यातून शिकलेलं सांगते, जरा लांबेल. पण दर महिन्याचा इव्हेंट आणि वर्गाचं बक्षीस या दोन गोष्टी आजच काढून टाका, बाकीचं वाचायच्या आधीच.

आमचा पहिला कार्यक्रम होता रंगीत कपड्यांचा दिवस. सगळ्यांना माहीत असलेला, सोपा, काही तयारी लागत नाही. युनिफॉर्म न घालता यायचं आणि गेटवर ठरलेली रक्कम डब्यात टाकायची. डबा धरून मीच उभी होते. मुलं उड्या मारत येत होती, नाणी खणखण पडत होती, आणि त्यात तिसरीतली एक मुलगी युनिफॉर्ममध्ये आली, नीट इस्त्री केलेला, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. मी सहज मोठ्याने म्हटलं, अगं आज रंगीत कपडे होते ना, विसरलीस का? ती म्हणाली, हो बाई, विसरले. आणि खाली बघून आत गेली. दुपारी तिच्या वर्गशिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं की ती विसरली नव्हती. तिची दोन भावंडंही आमच्याच शाळेत होती, तिघांचे पैसे त्या आठवड्यात घरात नव्हते, आणि आईने तिला सांगून पाठवलं होतं की कोणी विचारलं तर विसरले म्हण.

त्या दिवशी डब्यात चांगली रक्कम जमली होती. पण एका आठ वर्षांच्या मुलीला आपण चॅरिटीच्या नावाखाली गेटवर उभं करून खोटं बोलायला लावलं, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं : कोणी दिलं आणि कोणी नाही दिलं हे बाहेरून दिसता कामा नये, आणि पैसे न देता सुद्धा मुलाला या कामात पूर्ण भाग घेता आला पाहिजे. तुमचा प्रत्येक इव्हेंट या चाळणीतून घाला. निम्मे तिथेच गळतील आणि ते गळलेलेच बरे.

रंगीत कपड्यांचा दिवस आम्ही बंद नाही केला. फक्त गेटवरचा डबा काढला. आता त्या दिवशी सगळ्यांनी रंगीत कपड्यात यायचं, पैशांशी त्याचा संबंध नाही, आणि ज्याला नवे कपडे दाखवायचं टेन्शन येईल त्याच्यासाठी आम्ही 'एक गोष्ट उलटी घाला' असं ठेवतो, म्हणजे उलटा शर्ट, दोन वेगळे मोजे, काहीही. देणगीसाठी प्रत्येक मुलाला एकसारखं पाकीट आदल्या आठवड्यात घरी जातं, त्यावर नाव नाही, वर्ग नाही, आणि प्रत्येकाने ते बंद करून परत आणायचं, भरलेलं असो नाहीतर रिकामं. सगळी पाकिटं परत येतात त्यामुळे कोणाचं रिकामं होतं ते कोणालाच कळत नाही. पहिल्यांदा असं केलं तेव्हा पालक कमिटीला खात्री होती की पैसे कमी येणार. नाही आले कमी. काही पाकिटांत तर आधीच्या ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त होते, कारण आता रक्कम ठरलेलीच नव्हती, ज्याला जमत होतं त्याने मोकळ्या हाताने दिलं.

आता वर्गाचं बक्षीस. मला माहितीये की हे ऐकायला निरागस वाटतं, मुलांना स्पर्धा आवडते, पैसे पटापट येतात. पण स्पर्धा लागली की वर्गातली मुलंच वसुलीला लागतात. तू अजून आणले नाहीस, तुझ्यामुळे आपण मागे पडलो. हे वाक्य मी माझ्या कानाने ऐकलंय, पाचवीतल्या मुलाच्या तोंडून. आणि शेवटी जिंकतो कोण, तर ज्या वर्गात एकदोन पैसेवाले पालक आहेत तो वर्ग. त्यात मुलांचं काय कर्तृत्व?

शिवाय बक्षिसाने काम वाढतंच असंही नाही. यावर एक प्रयोग झालेला आहे, नीझी आणि रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, २००० साली छापून आला. इस्रायलमधली हायस्कूलची मुलं दारोदार फिरून सामाजिक कामांसाठी वर्गणी गोळा करायची. यांनी मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामाचं महत्त्व समजावून सांगितलं आणि पाठवलं, दुसऱ्याला सांगितलं की जमवलेल्या रकमेच्या १ टक्का तुम्हाला मिळेल, तिसऱ्याला १० टक्के, आणि हे पैसे वर्गणीतून कापायचे नव्हते, संशोधक स्वतःकडून देणार होते. सगळ्यात जास्त कोणी जमवलं? ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांनी, सरासरी सुमारे २३९ शेकेल. १० टक्केवाल्यांनी सुमारे २१९ आणि १ टक्केवाल्यांनी सुमारे १५४. म्हणजे छोटं बक्षीस लावलं की मुलाच्या मनात ते काम 'चांगलं काम' राहत नाही, ते मजुरी होतं, आणि मजुरी म्हणून बघितलं तर फारच स्वस्त वाटतं. मी हे आकडे आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिले होते, बक्षिसाचा विषय तिथेच संपला. तुम्हीही लिहा.

मग मुलांनी करायचं काय? काहीतरी करायचं, आणायचं नाही. चालणं, वाचणं, शिवणं, झाडं लावणं, नाटक बसवणं. मोठा इव्हेंट एकच ठेवा आणि तो अंगमेहनतीचा ठेवा. आमच्याकडे तो चालण्याचा असतो, मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि फेऱ्यांवर लोकांनी देणगी द्यायची. यातही एक खाच आहे, नीट बघा. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मुलाला स्पॉन्सर फॉर्म देतात, मूल घरोघर, नातेवाईकांत फिरून सह्या आणतं, आणि मग ज्याचे काका-मामा ऐपतीचे त्याच्या एका फेरीची किंमत दुसऱ्याच्या दहा फेऱ्यांएवढी होते. आम्ही वैयक्तिक फॉर्म बंदच केला. आता देणगीदार अख्ख्या शाळेच्या फेऱ्यांना स्पॉन्सर करतो. मुलांना एवढंच माहीत असतं की आज आपल्याला सगळ्यांनी मिळून अमुक इतक्या फेऱ्या पूर्ण करायच्यात.

फेऱ्या मोजायला रबरबँड वापरा, याच्याएवढी साधी आणि चोख पद्धत मला अजून सापडलेली नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी मोठ्या वर्गातलं एक मूल रबरबँडचा ढीग घेऊन बसतं, येणाऱ्याच्या मनगटात एक घालतं. शेवटी सगळे आपापल्या वर्गाच्या बादलीत रबरबँड काढून टाकतात आणि मोजणी वर्गाची नाही, सगळ्या बादल्या एकत्र करून शाळेची. मागे एका वर्षी व्हीलचेअर वापरणारा आमचा एक विद्यार्थी सगळ्यात जास्त वेळ मैदानावर होता, त्याचं मनगट भरलं तसे त्याने रबरबँड चाकाच्या हँडलला अडकवायला सुरुवात केली, आणि त्याच्या मागेपुढे पहिलीची पोरं पळत होती. त्या दिवशी त्याच्या घरून किती पैसे आले हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं कारणही नाही.

मुलांना चालण्याआधी टेरी फॉक्सची गोष्ट सांगा, आम्ही दर वर्षी सांगतो आणि मोठी मुलं लहानांना सांगतात. कॅनडाचा हा मुलगा, कॅन्सरमुळे एक पाय गेलेला, १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पळायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. कॅनडातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती. १४३ दिवस पळाला, ५,३७३ किलोमीटर, आणि मग आजार फुफ्फुसात पसरला म्हणून १ सप्टेंबरला थंडर बे जवळ थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, २३ वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली दौड झाली आणि आजही होते, शाळाशाळांतून होते, त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. मुलांना त्यातली 'प्रत्येकी एक डॉलर' ही गोष्ट बरोबर कळते. मोठ्या माणसाने मोठा आकडा द्यावा असं तो म्हणत नव्हता, प्रत्येकाने थोडंसं द्यावं म्हणत होता.

संस्था कशी निवडायची याकडे येते. इथे पुष्कळ शाळा घाई करतात, कोणाच्या तरी ओळखीची संस्था घेतात आणि वर्षभर मुलांना ते नाव नीट घेताही येत नाही. आमची पद्धत अशी की मोठ्यांनी तीन संस्था तपासून काढायच्या आणि त्या तिघींतून मुलांनी मत देऊन एक निवडायची, पहिलीपासून सगळ्यांनी. तपासायचं म्हणजे नोंदणी आहे का, मागच्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशोब बघायला मिळतात का, आणि तिसरं, एक फोन. फोनवर मी तीनच गोष्टी विचारते. आमचे पैसे नेमक्या कुठल्या कामात जातील? वर्षातून दोनदा मुलांना काय झालं ते कोणी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सांगेल का? आणि आमची रक्कम छोटी असली तर चालेल ना? तिसऱ्या प्रश्नाला समोरची व्यक्ती कशी बोलते त्यावरून मला बरंच कळतं. ज्यांच्या आवाजातला उत्साह तिथे ओसरतो त्यांना मी यादीतून काढते, मुलांची मेहनत अशा ठिकाणी पाठवायची नाही.

काम जितकं नेमकं तितकं मुलांना भिडतं. 'गरिबी हटवणं' हे मुलांना दिसत नाही, 'या वस्तीतल्या शाळेत वाचनालय' दिसतं. हे मोठ्यांच्या बाबतीतही खरं आहे. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना एक प्रश्नावली भरल्याबद्दल ५ डॉलर दिले आणि मग आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी त्यातले किती देता असं विचारलं. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचायला दिलं, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखो लोकांची आकडेवारी दिली, त्यांनी १.१४. आणि गंमत म्हणजे ज्यांना रोकियाची गोष्ट आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दिली त्यांनी १.४३ च दिले. आकड्याने जीव तुटत नाही, एका माणसाने तुटतो.

पण हे कळलं म्हणून रडणाऱ्या मुलांचे फोटो कॉरिडॉरमध्ये लावू नका, प्लीज. ज्या परिस्थितीसाठी आपण पैसे जमवतोय त्या परिस्थितीतलं मूल आपल्याच शाळेत बसलेलं असू शकतं. एका वर्षी आम्ही आजारी मुलांच्या एका संस्थेचं पोस्टर लावणार होतो, वर्गशिक्षिकांना आधी दाखवलं म्हणून बरं, कारण सहावीतल्या एका मुलाचा धाकटा भाऊ नेमका त्याच आजारातून जात होता आणि पोस्टरवरचं वाक्य 'यांना जगायला तुमची मदत हवी' असं होतं. आम्ही पोस्टर बदललं, त्यात संस्थेतल्या मुलांनी काढलेली चित्रं घेतली, आणि त्या सहावीतल्या मुलाला आणि त्याच्या आईला आधी विचारलं की हे काम या वर्षी घेतलं तर तुम्हाला चालेल का. त्यांनी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर आम्ही दुसरी संस्था घेतली असती. माणूस दाखवा पण मान ठेवून दाखवा, तो काय करतो, त्याला काय आवडतं ते सांगा.

कॅलेंडरचं सांगते. वर्षात मागण्या चारच. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात संस्थेची निवड आणि पाकिटांचा दिवस. मग मोठा गॅप. मग परीक्षा लांब असताना आणि हवा बरी असताना चालण्याचा दिवस. पुन्हा गॅप, आणि त्यानंतर मुलांनी स्वतः ठरवलेला एक कार्यक्रम, जुन्या पुस्तकांची विक्री म्हणा, नाटक म्हणा, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी मॅच म्हणा. आणि वर्ष संपायच्या आधी एक छोटा शेवटचा दिवस. बाराच्या ऐवजी चार केले तेव्हा आमची एकूण रक्कम वाढली, आणि कारण अगदी साधं आहे : देणारी घरं तीच असतात. सहाशे मुलं असली तरी भावंडं धरून घरं चारशे-साडेचारशे, आणि त्याच घरांकडे दर महिन्याला हात पसरला की तिसऱ्या महिन्यापासून पालक शाळेचा मेसेज वाचायच्या आधीच पुढे सरकवतात, त्यात सहलीची आणि परीक्षेची खरी सूचना सुद्धा जाते. मधल्या महिन्यांत मागू नका, सांगा. संस्थेकडून आलेली बातमी, मुलांनी लिहिलेलं पत्र. मागणं आणि सांगणं यांचं प्रमाण मी एकास तीन ठेवते.

टार्गेटचा आकडा पहिल्या वर्षी भिंतीवर लावू नका, जमलेल्या रकमेप्रमाणे रंग वर चढवायचा तो थर्मामीटरचा चार्ट तर नकोच. अर्ध्यावर अडकलेला थर्मामीटर रोज बघून मुलं खचतात आणि मोठी माणसं दबाव टाकायला लागतात. मुख्याध्यापकांना हवा असेल तर आकडा ऑफिसमध्ये असू दे. मुलांसाठी टार्गेट फेऱ्यांचं ठेवा, वाचलेल्या पानांचं ठेवा. आणि रक्कम छोटी आली म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्यांना १९५० ची गोष्ट सांगा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या काही मुलांनी रंगवलेल्या दुधाच्या खोक्यांत नाणी गोळा करून युनिसेफला पाठवली, सगळे मिळून १७ डॉलर झाले होते. त्यातूनच पुढे युनिसेफसाठी हॅलोविनच्या सणाला लहान मुलांनी नाणी जमवण्याची देशभराची प्रथा पडली.

खर्च. कार्यक्रम ठरवायच्या आधी कागदावर दोन ओळी लिहा, किती येतील आणि किती जातील. एका वर्षी आमच्या कमिटीने मोठा संगीताचा कार्यक्रम केला, स्टेज, साउंड, लाइट, पत्रिका. हॉल भरला, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि हिशोब लावला तर जमलेल्या दर १०० पैकी ७० खर्चात गेले होते. तिकीट घेणाऱ्या लोकांना वाटलं आपण संस्थेला दिले. तसं बघितलं तर आपण साउंडवाल्याला दिले. आता आमची मर्यादा १०० ला १५ आहे, त्याच्या वर जाणारी कल्पना कितीही छान असली तरी करत नाही, नाहीतर खर्च उचलणारा कोणीतरी आधी शोधतो. लकी ड्रॉच्या भानगडीत पडू नका असं माझं मत, बऱ्याच देशांत तिकीट विकून सोडत काढणं लॉटरीच्या कायद्यात येतं, परवाने लागतात, आणि मुलांना अनोळखी दारांवर तिकिटं विकायला पाठवणं मला कुठल्याच कारणासाठी मान्य नाही.

कोणी मोठा देणगीदार मिळाला तर त्याला सांगा की एकदम चेक देऊ नका, मुलं जेवढं जमवतील तेवढंच तुम्ही घाला. याचा उपयोग होतो. कार्लान आणि लिस्ट यांनी ५०,००० वर देणगीदारांना पत्रं पाठवून हे तपासलं होतं, २००७ मध्ये ते आलं, अशी जोड दिली की पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एकच्या ऐवजी एकास दोन किंवा एकास तीन केल्याने आणखी काही वाढ झाली नाही. म्हणजे देणगीदाराला ताणायची गरज नाही, बरोबरीची जोड पुरते.

आता पैसे मोजण्याचं. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण मी इथे सगळ्यात जास्त हट्टी आहे. आमच्याकडे एकदा गोळा झालेल्या पिशव्या चार दिवस स्टाफरूमच्या कपाटात राहिल्या, सगळे बिझी होते, मोजू नंतर म्हणून. मोजलं तेव्हा रजिस्टरपेक्षा रक्कम कमी भरली. कोणी थेट काही बोललं नाही, पण कपाटाची किल्ली ज्या शिपाईमामांकडे असायची त्यांच्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस. दोन दिवस ते जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन ओळ न् ओळ तपासली तर एका वर्गाची पिशवी दोनदा लिहिली गेली होती, एकदा वर्गशिक्षिकेने आणि एकदा ऑफिसने. पैसे पूर्ण होते. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर चूक कुठे झाली ते सांगितलं, पण ते दोन दिवस काही परत देता आले नाहीत.

म्हणून आता असं. ज्या दिवशी पैसे आले त्याच दिवशी मोजायचे. मोजायला नात्यात नसलेली दोन मोठी माणसं, टेबलावर बाकी काही नाही, दार उघडं. वर्गवार एकच नोंद आणि ती एकाच जागी, मोजणीच्या कागदावर, नोटा किती, नाणी किती, कुठल्या किमतीची किती, खाली दोघांच्या सह्या आणि वेळ. पिशवी सील, ऑफिसच्या तिजोरीत, लगेच पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत, भरल्याची स्लिप त्याच कागदाला टाचलेली. ऑनलाइन पैसे शाळेच्या नाहीतर थेट संस्थेच्या खात्यावर, कुठल्याही शिक्षकाच्या किंवा पालकाच्या वैयक्तिक खात्यावर एक पैसाही नको, 'तात्पुरता' म्हणून सुद्धा नको. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे. हा कागद तुमच्या आणि शिपाईमामांच्या अब्रूसाठी आहे.

नाणी मोजायला मात्र मुलांना बसवा, मोठ्यांच्या देखरेखीखाली. सातवी-आठवीची मुलं दहा-दहाचे मनोरे रचतात, मनोऱ्यांच्या रांगा करतात, एकजण मोजतो दुसरा परत मोजतो, आणि आकडा जुळला की सगळे एकदम ओरडतात. थेंबे थेंबे तळे साचे हे त्यांना वहीत दहा वेळा लिहून कळत नाही ते या टेबलावर कळतं. बोटं काळी होतात, हात धुवायला पाठवायला विसरू नका.

प्रत्येक कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत नोटीस बोर्डवर एक पान लावा, किती आले, खर्च किती, संस्थेला किती गेले, कुठल्या तारखेला, आणि संस्थेच्या पावतीची कॉपी. देणाऱ्यांची नावं नाहीत. वर्गवार आकडे नाहीत.

वस्तू गोळा करायच्या असतील तर संस्थेला विचारल्याशिवाय एकही खोका उघडू नका. लोक घर आवरताना निघालेलं देतात, फाटके कपडे, एक चाक नसलेली गाडी, आणि ते निवडायला संस्थेचीच माणसं अडकतात. बहुतेक वेळा त्यांना पैसेच हवे असतात.

वर्षाच्या मध्ये कुठे भूकंप, पूर असं काही झालं तर मुलं दुसऱ्याच दिवशी येतील, बाई आपण त्यांना पाठवूया. पाठवा, मुलांच्या या ओढीला नाही म्हणू नका. पण त्यासाठी वेगळा एक दिवस, वेगळा डबा, वेगळा हिशोब. आधी एका कामासाठी घेतलेले पैसे तिकडे वळवायचे नाहीत, ते ज्यांनी दिले त्यांनी त्या कामासाठी दिलेत. आणि त्या वर्षी ठरलेल्या चारातला एक दिवस कमी करा.

सगळं एकटीने ओढू नका. मला दुसऱ्या वर्षी इतका थकवा आला होता की मी हे सोडणारच होते. एक शिक्षक, ऑफिसमधलं हिशोब कळणारं एक माणूस, दोन पालक आणि वरच्या वर्गातली सहा-सात मुलं एवढी टीम पुरते, आणि मुलांना खरं काम द्या, पाणी वाटायचं नाही. संस्थेला फोन करायला त्यांना बसवा, असेंब्लीत हिशोब त्यांनाच वाचू द्या. सोबत एक फाइल ठेवा, तारखा, फोन नंबर, मोजणीचे कागद, काय चुकलं ते. पुढच्या वर्षी दुसरं कोणी आलं तर त्यांना शून्यापासून सुरुवात करायला लागू नये.

मुख्याध्यापकांकडे या आठवड्यातच जा. टार्गेटवर वाद घालू नका, तुमच्या आकड्याला माझा विरोध नाही म्हणा, फक्त तो मुलांपर्यंत जाऊ द्यायचा नाहीये. त्यांच्याकडून तीन परवानग्या घ्या : चार दिवस, बक्षीस नाही, गेटवर डबा नाही. त्यांनी कारण विचारलं तर त्यांना तुमच्या शाळेतली अशी तीन भावंडं शोधायला सांगा जी एकाच घरून येतात, आणि बारा महिने गुणिले तीन पाकिटं हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर करा. माझ्या मुख्याध्यापकांनी तो कागद बघून लगेच सही केली होती.